१९३४ च्या वाटणीपत्रातला 'जड' : मतिमंद, मंदबुद्धी, इडियट हे शब्द आले कुठून?

जुनी_बखळ (धागाकर्ता)

गावाकडच्या घराचे कागद लावताना १९३४ सालचं एक वाटणीपत्र हाती आलं. गाव सातारा जिल्ह्यातलं, कराडच्या बाजूचं. कागद बाळबोधीत आहे म्हणून वाचता आला. पणजोबांच्या भावाभावांत जमिनी, विहिरीची पाळी, म्हशी, तांब्या-पितळेची भांडी असं सगळं वाटलंय. धाकट्या भावाच्या नावापुढे मात्र फक्त एवढंच:

"तो जन्मतः जड व मूढ असलेने त्यास हिस्सा नाही. त्याचे अन्नवस्त्र थोरल्याने तहहयात चालवावे."

हा 'जड' कायद्याचा शब्द आहे की लिहिणाऱ्याने आपल्या मनाने घातलाय? आज आपण ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतो तेच हे का? आणि मधल्या काळात मंदबुद्धी, मतिमंद, इंग्रजीतलं इडियट हे शब्द कसकसे आले-गेले? घरात विचारलं तर "जुनं उकरून काढू नकोस" एवढंच उत्तर मिळतं. इथल्या जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

वाईकर_वकील

शब्द शास्त्रातला आहे, लिहिणाऱ्याचा नाही.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसा न मिळणाऱ्यांची यादी येते. त्यात क्लीब (नपुंसक), पतित, जन्मांध, बहिरा, उन्मत्त, जड आणि मुका. याज्ञवल्क्य स्मृतीतही बरीचशी हीच मंडळी आहेत, पण तिथे 'भर्तव्याः' हा शब्द जोडलेला आहे. हिस्सा नाही, पण पोसायचं. तुमच्या कागदातलं "अन्नवस्त्र चालवावे" हे थेट तिथून आलंय. याज्ञवल्क्यावर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी असताना मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि इंग्रजी अमलात आपल्याकडची कोर्टं हिंदू वारशाचा निकाल प्रामुख्याने तिच्या आधारे देत. मिताक्षरेत 'जड' म्हणजे ज्याला स्वतःचं हित-अहित ठरवता येत नाही तो. 'उन्मत्त' वेगळा मोजलाय. वेड लागणं आणि जन्मापासून समज कमी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या टीकाकाराला पक्कं ठाऊक होतं.

आता कागदातला 'जन्मतः' बघा. तो उगाच आलेला नाही. १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने कायदा केला की आंधळा, बहिरा, पांगळा म्हणून कुणालाही हिंदू वारशातून वगळता येणार नाही. अपवाद एकच ठेवला: जन्मापासून 'ल्यूनॅटिक' (वेडा) किंवा 'इडियट' असलेली व्यक्ती. म्हणजे १९३४ मध्ये धाकट्याचा हिस्सा काढून घ्यायचा असेल, तर 'जन्मतः' लिहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कागद कुणा जाणत्या माणसाने किंवा वकिलाला विचारून लिहिलाय.

हा अपवाद गेला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. त्याचं कलम २८ सांगतं की रोग, व्यंग किंवा विकृती या कारणाने कुणाचाही वारसा जात नाही. स्मृतींपासून चालत आलेली अट एका कलमात संपली. माझ्या मते हे कलम शाळेच्या पुस्तकात असायला हवं, पण वकिलीच्या परीक्षेतसुद्धा ते कुणी विचारत नाही.

लग्नाच्या कायद्यात मात्र 'इडियट' राहिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मूळ अट अशी होती की वधू-वरांपैकी कुणी लग्नाच्या वेळी 'इडियट किंवा ल्यूनॅटिक' नसावं. ती भाषा बदलली १९७६ च्या दुरुस्तीत. माझ्या वयाच्या बऱ्याच वकिलांनी तो शब्द शिव्यांच्या आधी बेअर ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराच्या पुस्तकात, वाचलेला आहे.

---

शब्दधुंडाळ्या

वकीलसाहेब, उत्तम प्रतिसाद. भाषेच्या बाजूने थोडी भर घालतो.

'मंद', 'जड', 'मूढ' हे शब्द जुन्या वाङ्मयात अपमानापुरते नाहीत. रघुवंशाच्या आरंभी कालिदास स्वतःलाच 'मन्द' म्हणतो, कवीचं यश मागणारा मंद. आपल्या पोथ्यांमध्ये ग्रंथकार हात जोडून "मी मतिमंद" म्हणत श्रोत्यांची क्षमा मागतात. भागवतातला जडभरत तर ज्ञानी आहे. तो जडासारखा वागतो आणि लोक त्याला पालखी वाहायला जुंपतात. पंचतंत्र सुरू होतं तेच राजाच्या तीन 'परम दुर्मेधस्', म्हणजे अतिशय मंदबुद्धी, मुलांपासून, आणि विष्णुशर्मा त्यांना गोष्टींतून शिकवतो. शिकवण्याची पद्धत बदलली तर तीच मुलं शिकतात, हा त्या चौकटीतला विचार मला कायम आवडत आला आहे.

बोलीतले शब्द निराळ्या वाटेने गेले. आमच्याकडे कोल्हापूरला 'खुळं' आणि 'येडं', विदर्भात 'बह्याड', गोव्यात 'पिसो'. यांत वेड, भोळेपणा आणि बुद्धीची मंदता सगळं एकाच पोत्यात आहे. 'खुळं' तर लाडानेही म्हणतात. स्मृतीकारांनी वेगळे केलेले जड आणि उन्मत्त बोलीने पुन्हा एक केले, म्हणूनच गावाकडे अशा मुलाला सर्रास "वेडा आहे" म्हणायची पद्धत पडली आणि त्याला घेऊन लोक मानसोपचाराच्या दवाखान्यात नाहीतर भगताकडे जात राहिले.

'मतिमंद' हा शब्द पोथीतला असला तरी निदान म्हणून तो गेल्या शतकातच रूळला. तो सौम्य शब्द म्हणून आला, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही.

---

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये बालरोग विभागात काम करतो. इंग्रजी शब्दांची हकीकत सांगतो, कारण आपल्या कायद्यात ते इथूनच गेले.

'इडियट' मूळचा ग्रीक. सार्वजनिक कामात भाग न घेणारा, खाजगी, सामान्य माणूस एवढाच त्याचा अर्थ. 'इंबेसाइल' लॅटिनमधून, अर्थ दुबळा. या दोन्ही शब्दांना मोजमाप चिकटलं ते विसाव्या शतकात. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली चाचणी तयार केली ती शाळेत कुणाला जादा मदत लागते ते ओळखण्यासाठी. ती अमेरिकेत नेली हेन्री गोडार्ड यांनी. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावच्या संस्थेत ते संशोधक होते. १९१० मध्ये त्यांनी वर्गवारी मांडली: मानसिक वय (चाचणीत किती वर्षांच्या मुलाइतकं जमतं ते) २ वर्षांपर्यंत ते इडियट, ३ ते ७ इंबेसाइल, आणि ८ ते १२ साठी त्यांनी ग्रीक 'मोरोस'वरून नवा शब्द पाडला, 'मोरॉन'. होय, आज शिवी म्हणून फेकला जाणारा हा शब्द एका मानसशास्त्रज्ञाने तक्त्यात भरण्यासाठी तयार केला.

गोडार्ड यांचा रोख याच तिसऱ्या गटावर होता. बाकीचे दोन गट कुणालाही दिसून येतात, हे मात्र चारचौघांत मिसळून जातात, लग्नं करतात, मुलं होतात, असं त्यांचं म्हणणं. पुढे काय झालं ते कॅरी बकच्या खटल्यात दिसतं. व्हर्जिनियातली ही तरुणी. तिची सक्तीने नसबंदी करावी का हा प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि १९२७ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं, "इंबेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या." तीन पिढ्या म्हणजे तिची आई, ती स्वतः आणि तिची तान्ही मुलगी. ती मुलगी पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली आणि आठ वर्षांची असताना आजाराने वारली. अमेरिकेत अशा कायद्यांखाली ६० हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली.

इंग्लंडनेही १९१३ च्या कायद्यात इडियट, इंबेसाइल, फीबल-माइंडेड (दुबळ्या बुद्धीचे) आणि 'मॉरल इंबेसाइल' (नीतीच्या बाबतीत दुबळे) असे चार वर्ग केले. शेवटच्यात बिनलग्नाच्या आया घालून त्यांना संस्थांमध्ये डांबलं गेलं, बुद्धीची काही अडचण असो वा नसो. हे शब्द कायद्यातून गेले १९५९ मध्ये.

डाउन सिंड्रोमची गोष्टही याच घरची. सरेमधल्या अर्ल्सवुड संस्थेचे डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली रुग्णांची वंशांच्या नावाने वाटणी केली आणि एका गटाला 'मंगोलियन' म्हटलं. मंगोलियातल्या माणसांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. १९५९ मध्ये लज्यून आणि सहकाऱ्यांनी २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत दाखवली, १९६१ मध्ये शास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून तो शब्द सोडायला सांगितलं (सह्या करणाऱ्यांत डाउन यांचे नातूही होते), आणि १९६५ मध्ये मंगोलियाच्या मागणीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने तो वापरणं थांबवलं. तरी भारतात शिकताना आमच्या वॉर्डात केसपेपरवर तो लिहिलेला मी स्वतः पाहिला आहे.

---

माळरान

माहिती छान आहे, पण मला मूळ प्रश्नच पटत नाही. इडियट गेला, मेंटल रिटार्डेशन आलं. ते गेलं, इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी आली. मराठीत मंदबुद्धी, मग मतिमंद, मग विशेष, आता दिव्यांग. दहा-वीस वर्षांत नव्या शब्दाचीही शिवी होते. पाटी बदलून आतल्या माणसाला काय मिळतं? तोच पैसा शिक्षकांच्या पगारावर खर्च करा.

---

रानजाई

माळरान, शिक्षकांच्या पगाराबद्दल शंभर टक्के सहमत. मी विशेष शिक्षिका आहे, अनुदानाची वाट बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शिवी होते हेही खरं. आमच्या शाळेच्या पाटीवर 'मतिमंद मुलांची शाळा' होतं, तेव्हा शेजारच्या शाळेतली पोरं एकमेकांना "तुला त्या शाळेत घालतील" म्हणून चिडवायची. पाटीवर 'विशेष' आलं, तर आता "ए स्पेशल" म्हणून हाक मारतात.

पण 'पाटी बदलून काय मिळतं' याचं उत्तर मला पुण्यात १९९४ मध्ये मिळालं. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींना आणून सरकारी रुग्णालयात त्यांची गर्भाशयं काढली गेली. कारण सांगितलं ते असं की त्यांना मासिक पाळीची स्वच्छता राखता येत नाही. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळच्या चर्चेत मला सगळ्यात जास्त काय बोचलं असेल, तर "त्या मतिमंद आहेत" हे वाक्य कारण म्हणून पुरेसं मानलं जात होतं. कुणाला किती समजतं, कुणाला शिकवून पाहिलं का, हे विचारायची कुणाला गरजच वाटत नव्हती.

पॅड बदलणं शिकवता येतं. मी शिकवते. आधी बाहुलीवर, मग लाल रंग लावलेल्या पॅडवर, मग स्वतःच्या कपड्यांवर. चड्डीवर खडूने पॅडची चौकट आखून द्यायची म्हणजे कुठे लावायचं ते कळतं. वापरलेलं कागदात गुंडाळून डब्यात टाकणं ही वेगळी पायरी, हात धुणं ही आणखी वेगळी. काही मुलींना दोन महिने लागतात, काहींना वर्ष. काहींना कायम कुणाची तरी सोबत लागते, आणि ती द्यायची असते.

---

वाईकर_वकील

रानजाईंच्या मुद्द्याला जोडून. माळरान यांना कायद्यातलं एक उदाहरण देतो. शब्द बदलल्याने प्रत्यक्षात काय होतं, ते इथे स्पष्ट दिसतं.

१९१२ च्या इंडियन ल्यूनसी ॲक्टमध्ये 'ल्यूनॅटिक' म्हणजे 'इडियट किंवा विकल मनाची व्यक्ती' अशी व्याख्या होती. मिताक्षरेने वेगळे ठेवलेले दोघे पुन्हा एका खोलीत! १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्याने हाच 'ल्यूनॅटिक' घेतला आणि अशा स्त्रीच्या बाबतीत पालकाची संमती पुरेशी ठरवली. १९८७ च्या मेंटल हेल्थ ॲक्टने मानसिक आजाराच्या व्याख्येतून 'मेंटल रिटार्डेशन' वगळलं. २००२ मध्ये गर्भपाताच्या कायद्यातही 'ल्यूनॅटिक' काढून 'मानसिक आजारी व्यक्ती' हे शब्द घातले.

मग २००९ मध्ये चंदीगडचं प्रकरण सुप्रीम कोर्टात आलं. सरकारी निवारागृहातल्या एका अनाथ तरुणीवर बलात्कार झाला होता आणि ती गरोदर होती. निदान सौम्य बौद्धिक अक्षमतेचं. हायकोर्टाने तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं. सुप्रीम कोर्टाने तो आदेश रोखला. कारण? कायद्यात आता 'मानसिक आजारी' आहे आणि तिला मानसिक आजार नाही. म्हणून तिच्या वतीने दुसऱ्या कुणाला संमती देता येत नाही, तिची स्वतःची संमती हवी. सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन हा तो निकाल. २००२ ची दुरुस्ती झाली नसती, तर सरकारचंच म्हणणं चाललं असतं.

तेव्हा मी तरी 'पाटी बदलून काय' असं म्हणणार नाही.

---

माळरान

हा निकाल मला माहीत नव्हता. कायद्यापुरता तुमचा मुद्दा मान्य. रस्त्यावरच्या शब्दाबद्दल माझं मत कायम आहे.

---

रानजाई

टेम्सकाठ यांनी व्हाइनलँडचं नाव घेतलं म्हणून सांगते. आजही आपल्याकडे अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मूल नेलं की ज्या चाचण्या होतात, त्यातली एक 'व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल'. त्याच संस्थेत एडगर डॉल यांनी ती केली, आणि भारतीय रूप नागपूरला मालिन यांनी तयार केलं. दुसरी 'बिने-कामत'. कामत यांनी धारवाडकडे १९३० च्या दशकात अमेरिकन बिने चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. म्हणजे ज्या वर्षांत धागाकर्त्यांच्या गावी "जड व मूढ" लिहिलं गेलं, त्याच दशकात मराठीतून बुद्ध्यांक मोजायची सोय होत होती.

चाचणी वाईट असं मी म्हणत नाही. बिने यांचा हेतू मदत देण्याचा होता आणि मीही ती त्यासाठीच वापरते. पण आई-वडील रिपोर्ट घेऊन येतात तेव्हा पहिला प्रश्न "आकडा किती?" असतो. मी रिपोर्ट बाजूला ठेवते आणि विचारते, "स्वतःचं ताट स्वतः घेतो का? अनोळखी माणसाबरोबर जाईल का? दुखलं तर सांगतो का?" शिकवायला तिथून सुरुवात होते.

संस्थांच्या नावांतही हा सगळा इतिहास दिसतो. मुंबईत जय आणि होर्मसजी वकील यांनी आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये शाळा काढली तेव्हा सरकारी मदत शून्य होती. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी १९६४ मध्ये 'कामायनी' सुरू केली, नावात कसलंच लेबल नाही. सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था १९८४ मध्ये 'मेंटली हँडिकॅप्ड'साठी म्हणून निघाली, आता तिच्या नावात 'बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण' आहे.

---

आर्यनची_आई

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम आहे. (आर्यन हे त्याचं खरं नाव नाही.)

नातेवाईक त्याला 'देवाघरचं लेकरू' म्हणतात. प्रेमाने म्हणतात, मला कळतं. पण देवाघरचं म्हटलं की त्याच्यासाठी माणसांनी काही करायचं राहत नाही. लग्नपत्रिकेवर माझ्या मोठ्या मुलीचं नाव असतं, याचं नसतं. सोसायटीत "तो तुमचा तसा मुलगा" म्हणतात. 'स्पेशल चाइल्ड' सगळ्यात जास्त. तो दाढी करतो, लोकलचा पास स्वतः दाखवतो, केंद्रात उटण्याची पाकिटं सील करून महिन्याला थोडे पैसे आणतो आणि त्यातून बहिणीला कॅडबरी घेतो. चाइल्ड कुठून आलं?

मला कुठला शब्द हवा असं विचाराल तर डॉक्टरांसाठी डाउन सिंड्रोम, सरकारी कागदावर बौद्धिक अक्षमता, आणि बाकी सगळीकडे त्याचं नाव. 'दिव्यांग' मला जमत नाही. त्याच्यात दिव्य काही नाही, त्याला संध्याकाळी भजी हवी असतात आणि मॅच लागली की तो रिमोट देत नाही.

पण इथे सगळ्यांना एक सांगायचंय. दाखल्यासाठी आम्ही जिल्हा रुग्णालयात गेलो होतो. आमच्या पुढे मळकट धोतरातले एक आजोबा नातीला घेऊन बसलेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काय आहे मुलीला?" आजोबा म्हणाले, "खुळी हाय ओ." बाईंनी सगळ्यांसमोर ठणकावलं, "असं बोलू नका, बौद्धिक दिव्यांग म्हणा." आजोबांना ते म्हणता येईना. तीनदा प्रयत्न केला. त्यांनी नातीला ५० किलोमीटरवरून एसटीने आणलं होतं आणि पूर्ण वेळ तिचा हात धरला होता. नवे शब्द शिकवताना कुणाला लाज वाटायला लावू नका, एवढंच मागणं आहे.

---

टेम्सकाठ

आर्यनची आई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या विभागातल्या भारतीय सहकाऱ्यांना वाचून दाखवला.

---

जुनी_बखळ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. 'जन्मतः'चा उलगडा झाल्यावर तो कागद पुन्हा वाचला. वडिलांच्या आत्याला फोन केला, त्या ९१ च्या आहेत. त्या म्हणाल्या, ते आजोबा अठ्ठेचाळीस सालापर्यंत होते. जनावरं त्यांच्याकडे असायची, आणि कुठल्या म्हशीचं दूध कधी आटणार ते त्यांना आधी कळायचं. पैसे मोजता यायचे नाहीत. थोरल्यांनी अन्नवस्त्र चालवलं, त्यात कसूर नाही केली, पण जेवायला पंगतीत बसवत नसत, असंही त्या म्हणाल्या. मी घरच्या वंशावळीत त्यांचं नाव घालून घेतलंय. छापील वंशावळीत ते नव्हतं.

---

नदीपलीकडे

उत्तम धागा. एक व्यावहारिक शंका. माझ्या बहिणीच्या जुन्या दाखल्यावर 'मेंटल रिटार्डेशन' लिहिलंय. ती आता ३० वर्षांची आहे, आई-वडील थकलेत. बँकेत खातं उघडताना "पालक कोण" विचारतात. आई-वडील सज्ञान मुलीचे पालक आपोआप राहत नाहीत का?

---

वाईकर_वकील

नाही राहत, आणि बऱ्याच घरांना हे वेळ निघून गेल्यावर कळतं. १८ पूर्ण झाली की आई-वडिलांचं पालकत्व कायद्याने संपतं. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ (नावात अजून 'मेंटल रिटार्डेशन' आहेच) खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी. आई-वडील हयात असतानाच अर्ज करा, आणि त्यांच्यानंतर कोण हेही आत्ताच घरात बसून ठरवा.

दुसरं, वडिलांच्या मिळकतीत तिचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे. हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेऊ नका आणि कुणाला घेऊ देऊ नका. व्यवहाराचे परिणाम ज्याला समजत नाहीत, त्याने केलेला करार कायद्याला मान्य नाही.

---

रानजाई

दाखल्याबद्दल: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'बौद्धिक अक्षमता' आहे, त्यामुळे नवीन युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, जुना दाखला, आधार आणि फोटो जोडायचा. तपासणीला बोलावलं तर बहिणीला सकाळी लवकर न्या, गर्दी वाढली की मुलं बिथरतात. खाऊ, पाणी आणि तिच्या आवडीची एखादी वस्तू जवळ ठेवा. आणि निरामय या आरोग्य विम्याचंही विचारा, तो नॅशनल ट्रस्टचाच आहे.